विमलाबाईंची हरकत

विमलाबाई शेजवळांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य यायचं. "काही हरकत नाही."

बालवाडीत कुणी पोरानं चड्डी ओली केली, काही हरकत नाही. शेजारणीनं नेलेली परात आठ दिवसांनी पोचा पाडून परत आणली, काही हरकत नाही. रॉकेलच्या रांगेत कुणी मध्येच घुसला, "घाई असेल हो त्याला, काही हरकत नाही." श्रमसाफल्य कॉलनीतली मोठी पोरं त्यांना पाठीमागे 'हरकतबाई' म्हणायची. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते वेगळं सांगायला नको.

त्यांचे यजमान कोंडाजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. पाळी संपवून सायकलवरून उतरले की डोळे तेवढे पांढरे दिसायचे. ओट्यावर बसून ते बायकोची टिंगल करायचे.

"हिला बघाया गेलो तवा मी आधीच म्हनलं, रंग बघून घे बाई, मागून तक्रार नको. तर ही काय म्हनली असंल?"

"मी काही बोललेच नव्हते," आतून विमलाबाई.

"तेच सांगतोय ना. तिथं बी हरकत नव्हती!"

आम्ही शेजवळांच्या समोरच राहायचो, पण या वाक्याचा जन्म कुठं झाला, ते मला फार उशिरा कळलं.

विमलाबाई सायखेड्याच्या. वडील पुंजाराम दुसऱ्याच्या रानात राबायचे. शाळेत विमलाबाई सातवीपर्यंत गेल्या, त्यातली पहिली चार वर्षं दाराशी बसून. "माझ्या लहानपणी मोठ्या माणसांकडून दोनच वाक्यं ऐकायला मिळायची," त्या एकदा तांदूळ निवडता निवडता सांगत होत्या. "'हात लावू नको' आणि 'लांब उभी राहा'. दुसऱ्याच्या विहिरीवर तेच, दुकानात तेच. लग्न होऊन इकडं आले तरी ती वाक्यं कानात होतीच. मग शहात्तर साली बालवाडीच्या शिबिराला नाशकात गेले. तिथं इंदिराताई म्हणून शिकवायला होत्या. पहिल्याच दिवशी माझ्या हातून त्यांच्या नव्या कोऱ्या तक्त्यावर शाईची अख्खी दौत सांडली. मी भिंतीला जाऊन चिकटले. म्हटलं, आता म्हणणार, लांब उभी राहा. त्या आल्या, माझ्या हातातली दौत घेतली आणि म्हणाल्या, 'काही हरकत नाही.'"

तांदळातला खडा त्यांनी बाजूला टाकला.

"असं वाक्य असतं, हे मला तिसाव्या वर्षी कळलं. मग मी ठरवून टाकलं, आपण हेच बोलायचं. सगळ्यांना."

शिबिरातून आल्यावर त्यांनी आपल्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली खडूनं काढलेला अ आणि आ, कोपऱ्यात पाण्याचा माठ. पोरं कुणाची, तर वीज केंद्रातल्या कंत्राटी मजुरांची, नाशिकरोडला कारकुनी करणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्यांची. आयांना सकाळी वेळ नाही, तेव्हा पोरांना आणणार कोण? विमलाबाईंनी जुनी लुगडी उभी फाडली, पीळ घालून त्यांची एक लांबलचक दोरी केली आणि तिला हातहात अंतरावर गाठी मारल्या. रोज सकाळी नऊ वाजता ती दोरी घेऊन त्या गल्लीच्या आतल्या टोकाला जायच्या आणि घराघरातून एकेक पोर दोरीला लावत परत यायच्या. प्रत्येकाची गाठ ठरलेली. सर्वांत धाकटं पोर पहिल्या गाठीला, बाईंच्या जवळ. सर्वांत शहाणं शेवटच्या गाठीला, कारण शेपूट सांभाळायला अक्कल लागते.

अठ्ठावीस गाठींची ती आगगाडी आमच्या घरासमोरून जाताना माझी आई कुकरची वेळ बाईंच्या गाडीवर लावायची. "नऊ वीसची गेली. आता भात लावते."

गल्ली एकच, त्रेपन्न घरांची. मधोमध एक मोठं वळण. मागे पडीक जमीन.

या गोष्टीत ती पडीक जमीन महत्त्वाची आहे.

*

त्र्याऐंशीच्या दिवाळीत यादवराव नावाचा एक मनुष्य कॉलनीत आला. पांढरा सफारी, हातात मिठाईचे पुडे, बोलणं साजूक तुपातलं. मागची जमीन घेतलेल्या कुणा शेठचा तो माणूस.

"नमस्कार बाई! तुमच्या बालवाडीचं नाव लांबवर ऐकलं. या गल्लीला रस्ता नाही, दिवा नाही, बघवत नाही हो. शेठ म्हणाले, आपण करून देऊ. फक्त कॉलनीची हरकत नाही, एवढा कागद पाहिजे."

विमलाबाईंनी पोरांकडे बघत सही केली. त्यांची पहिली. बाईंनी केली म्हटल्यावर मग आणखी चाळीस घरांनी केली. कुणाची सही, कुणाचा अंगठा. आमच्या घराची सही राहिली ती केवळ बाबा गावाला गेले होते म्हणून. नाहीतर आईनं पेन शोधून ठेवलं होतं.

माझे वडील वेणीमाधव गायधनी कोर्टात कारकून. पेपर मागच्या पानापासून वाचायची त्यांना सवय. आधी जाहीर नोटिसा, मग बाकीचं जग. आई चिडायची. ते म्हणायचे, "मालिनी, मंत्री कुठं गेला ते पहिल्या पानावर येतं. आपल्या पायाखालची जमीन कुठं चालली, ते मागच्या पानावर बारीक अक्षरांत येतं."

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते अनवाणीच समोर गेले. मी मागोमाग.

"विमलाबाई, दिवाळीत त्या माणसानं कशावर सह्या घेतल्या?"

"रस्त्याच्या कागदावर. रस्ता होणार, दिवे लागणार म्हणाला."

"कागद वाचलात?"

"वरचं वाचलं. 'ना हरकत पत्र' असं होतं." बाई हसल्या. "मला वाटलं, माझंच वाक्य कुणी छापलंय."

बाबांनी पेपर पुढे धरला. विमलाबाईंनी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि पोरांना शिकवतात तसं एकेक शब्द सोडवत गेल्या. "'निवासी विभागातून वगळून… वाणिज्य विभागात समाविष्ट करणे…' म्हणजे काय हो?"

"म्हणजे सरकारदरबारी ही राहायची जागा उरणार नाही. धंद्याची होईल. मागच्या पडिकात कांद्याची गोदामं होणार. आणि तिथं जायला वाट एकच." बाबांनी गल्लीकडे बोट केलं. "ही."

बाईंनी गल्लीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या दोरीकडे.

"ट्रक?"

"ट्रक. कांद्याच्या दिवसांत रोजचे चाळीस-पन्नास धरा. सरकारी राजपत्रात आल्यापासून हरकती घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. एकवीस गेले. नऊ उरलेत."

"आणि माझी सही कितवी?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. "पहिली," ते म्हणाले.

विमलाबाई उंबऱ्यावर बसल्या. आत पोरं 'ये रे ये रे कावळ्या' असलं काहीतरी आपल्या मनानं म्हणत होती. मग बाई उठल्या, पदर खोचला, पोरांवर लक्ष ठेवायला मला बसवलं आणि बाहेर पडल्या. त्या दिवशी त्या चाळीसही घरी गेल्या. प्रत्येक दारात एकच बोलल्या. "मी न वाचता सही केली. तुम्ही माझं बघून केली. चूक माझी आहे. आता निस्तरायला चला."

बहुतेकांनी "असू द्या बाई" म्हटलं. शकुबाईंनी म्हटलं नाही. शकुबाई कोपऱ्यावरच्या, भाजी विकायच्या, जिभेला काटा. नातू बालवाडीत सातव्या गाठीला.

"इमल, तुझ्या सहीवर डोळे मिटून अंगठा ठेवला मी. मला वाटलं, शिकलेली हाय, बघितलं असंल. तू बी अंगठेबहाद्दरच निघाली की गं!"

"हो शकुमावशी."

"हो काय हो! भांड की जरा!"

"तुमचं बरोबर आहे, तर कशी भांडू?"

शकुबाईंनी कपाळाला हात लावला. "आन ही बया सायबापुढं जाऊन भांडनार! आपलं काय खरं नाय."

*

अर्ज बाबांनी लिहिला. मुदत संपायच्या दोन दिवस आधी एकावन्न घरांच्या सह्यांनिशी तो नगररचनेच्या कचेरीत पोचला. दोन घरं शेठच्या बाजूची होती, ती राहिली. सुनावणीची तारीख मार्चची मिळाली. आता प्रश्न उरला, साहेबापुढे बोलायचं कुणी?

"मी बोलेन," बाबा म्हणाले.

"तुमची सही त्या कागदावर नव्हती," विमलाबाई म्हणाल्या. "माझी होती. मीच बोलायला पाहिजे."

मग आमच्या ओट्यावर तालीम सुरू झाली. रविवारची दुपार. बाबा आरामखुर्चीत साहेब होऊन बसले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मला पट्टेवाला केलं. प्रेक्षक पायरीवर, शेंगा फोडत.

मी पुकारा केला, "विमलाबाई कोंडाजी शेजवळ हाजिर हो!"

विमलाबाई आल्या, हात जोडले.

बाबा खाकरले. "हं. काय म्हणणं आहे?"

"साहेब, तसं काही विशेष नाही…"

"विशेष नाय तर घरी जा!" पायरीवरून शकुबाई.

"शांतता राखा!" बाबांनी आरामखुर्चीवर हात आपटला. "बाई, पुन्हा."

"साहेब, तुम्हाला त्रास होणार नसेल तर… म्हणजे आमचं एवढंच…"

"बाई, तुम्ही अर्जदार आहात. सरळ म्हणा, 'या बदलाला आमची हरकत आहे.'"

"या बदलाला आमची…" विमलाबाई थांबल्या. तोंड उघडलं, मिटलं. "आमची जरा…"

"हरकत आहे!" सगळी पायरी ओरडली.

"…हरकत…" आणि त्यांच्या तोंडून सवयीनं जे यायचं तेच आलं. "…नाही."

शेंगांची टरफलं हवेत उडाली. कोंडाजी तर हसून हसून लोळले. पण मी समोर उभी होते, म्हणून मला बाईंचा चेहरा दिसला. त्या हसत नव्हत्या. डोळे भरले होते.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला ते म्हणता येत नाही. 'हरकत आहे' म्हटलं की मला ऐकू येतं, 'लांब उभी राहा'. कुणाला असं म्हणायचं नाही, हे मी ठरवलंय. आता कसं म्हणू?"

बाबांनी साहेबाचा चष्मा काढून आपला घातला. दोन्ही एकच होते, पण चेहरा बदलला.

बोलले ते कोंडाजी. शर्टाच्या बाहीला तोंड पुसून, अगदी हळू.

"अगं, मानसाला नको म्हनू ना. ट्रकला म्हन."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ट्रकला म्हन, लांब उभा राहा. त्याला कुठं वाईट वाटतंय? लोखंडाचा हाय."

बाई एकदम हसल्या. उठल्या, पदर नीट केला. "वेणीमाधवभाऊ, बसा परत साहेब होऊन."

*

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे दोन टेम्पोंतून कचेरीत गेलो. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. शकुबाईंनी भाजीची पाटी आणली नव्हती, त्यामुळे त्यांना हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. विमलाबाईंच्या खांद्याला पिशवी होती. "काय आणलंय?" मी विचारलं. "आगगाडी," त्या म्हणाल्या.

लांबट खोली. टेबलामागे साहेब, पन्नाशीचे, थकलेले. शेजारी कारकून, मान वहीत खुपसलेली. पलीकडच्या खुर्चीत यादवराव, तोच पांढरा सफारी. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि टेबलावरचे कागद उडून उडून सगळ्यांचा जीव घेत होते.

विमलाबाईंचं नाव पुकारलं. कारकुनानं न बघता विचारलं, "नाव? वय? धंदा?"

"विमलाबाई कोंडाजी शेजवळ. अडतीस. बालवाडी."

साहेबांचा एक कागद पुन्हा उडाला. ते वैतागले. "बाई, जरा उकडेल, पण पंखा बंद करतो. हरकत नाही ना?"

"काही हरकत नाही," विमलाबाई म्हणाल्या.

पंखा थांबला. आणि विमलाबाई बोलायला लागल्या.

आता तालीम मी दहा वेळा बघितली होती. बाबांनी लिहून दिलेलं भाषण मला पाठ होतं. 'सदर वसाहतीतील रहिवासी सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून' वगैरे. त्यातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीत हात घातला, दोरी काढली आणि साहेबांच्या टेबलावर एक टोक ठेवून मागे चालत गेल्या. टेबल, दोन बाकं, दार, बाहेरचा व्हरांडा. दोरी संपेना. व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला.

"साहेब, इथं माझी शेवटची गाठ आहे. पोरगी पाच वर्षांची."

मग दोरी गुंडाळत गुंडाळत परत आल्या. "पहिली गाठ तुमच्यापाशी आहे. तिथं अडीच वर्षांचं लेकरू असतं. आमच्या गल्लीत मधे वळण आहे. मी वळणाच्या अलीकडे असते तेव्हा माझी निम्मी पोरं पलीकडे असतात. मला दिसत नाहीत. सात वर्षं मी मागं न बघता चालते, कारण त्या गल्लीत सायकलीपेक्षा मोठं काही येत नाही. उद्या ट्रक आला तर तो ड्रायव्हर वाईट नसेल, साहेब. पण त्यालाही वळणापलीकडचं दिसणार नाही."

साहेबांनी पुढ्यातली गाठ बोटांनी चाचपली. लुगड्याचा जुना काठ होता, हिरवा, विटलेला.

"या बदलाला," विमलाबाईंनी श्वास घेतला, "आमची हरकत आहे."

माझ्या मागे कोंडाजींच्या तोंडून "हां!" असा आवाज निघाला, कुस्तीत डाव बसल्यावर निघतो तसा.

यादवराव सावकाश उठले. "साहेब, बाई बोलतात छान. पोरं सांभाळतात, आम्हाला आदरच आहे. पण हे बघा." त्यांनी फायलीतून कागद काढला. "ना हरकत पत्र. एकेचाळीस सह्या. पहिली सही कुणाची, ते आपणच वाचा."

साहेबांनी वाचलं आणि वर पाहिलं. "ही सही तुमची, बाई?"

"माझीच."

"जबरदस्तीनं घेतली?"

"नाही साहेब. मिठाई देऊन घेतली. मी वरच्या तीन शब्दांपुढे वाचलं नाही. माझी चूक." त्या मागे वळल्या. "माझ्यामुळे ज्यांनी सही केली ते सगळे इथं आलेत. त्यांना विचारा."

कुणी काही ठरवलं नव्हतं. हे तालमीत नव्हतंच. पहिल्या बाकावरून कोंडाजी उठले, "हरकत आहे." एरवी 'हाय' म्हणणारा मनुष्य चक्क 'आहे' म्हणाला. मग दुसरा उठला, तिसरी उठली. खोलीभर पावसाच्या थेंबांसारखं टपटप सुरू झालं. हरकत आहे. हरकत आहे. हरकत आहे. शेवटी शकुबाई उठल्या, अंगठा वर धरून.

"सायेब, त्या कागदावर ह्योच अंगठा हाय. नाय म्हनत नाय मी. पर हरकत बी हाय! अंगठा माझा, हरकत बी माझी!"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आला असावा.

"ठीक आहे. नोंद झाली. बाई, इथं सही करा."

कारकुनानं वही फिरवून पुढे सरकवली, पेन दिलं. विमलाबाईंनी पेन घेतलं. टेकवलं. आणि उचललं.

"आधी वाचून दाखवा."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "अहो, तुम्ही बोललात तेच लिहिलंय."

"असेल. पण मी एकदा न वाचता सही केली, त्याचं काय झालं ते आता तुम्ही पाहिलंत. मला ऐकू दे. सगळ्यांनाच ऐकू दे."

कारकुनानं सुस्कारा टाकला आणि आगगाडीच्या वेगानं वाचायला लागला. "अर्जदार क्रमांक एक, विमलाबाई कोंडाजी शेजवळ, वय अडतीस, धंदा बालवाडी, समक्ष हजर राहून निवेदन करतात की, काही हरकत नाही, तसेच त्यांच्याकडे दोरी असून—"

"थांबा!"

हा आवाज आमच्या कॉलनीनं इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो विमलाबाईंचा होता.

"कशाला हरकत नाही?"

कारकून गोंधळला. वही बघितली, बाईंकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात ना… साहेबांनी विचारलं, तुम्ही म्हणालात, काही हरकत नाही."

"ते पंख्याला!"

शकुबाईंचं खिंकाळल्यासारखं हसू फुटलं, आणि मग भिंती हादरल्या. साहेबही हसले, उघड. यादवराव मात्र हसत नव्हते. ते त्या वहीकडे बघत होते, कारण ती ओळ तशीच राहून खाली बाईंची सही झाली असती तर त्यांच्या फायलीला तेवढी पुरली असती.

"खोडा हो ते," साहेब म्हणाले.

"खोडू नका साहेब," विमलाबाई म्हणाल्या. "खोडलं तर मागून कुणी म्हणेल, खाली काय होतं कुणास ठाऊक. राहू द्या. पुढे लिहा, ते कशाबद्दल होतं ते."

बाबा मागून पुटपुटले, "वा!" तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाचा 'वा' होता तो.

कारकुनानं पेन झटकलं आणि आपल्या भाषेत लिहिलं. मोठ्यानं वाचूनही दाखवलं. "सदरचे उद्गार पंख्यास उद्देशून असून, प्रस्तावित बदलास अर्जदारांची हरकत आहे."

"आता बरोबर," विमलाबाई म्हणाल्या. सही केली. गोल, सावकाश, पोरांच्या पाटीवर काढून देतात तशी.

निघताना साहेबांनी हाक मारली. "बाई, तुमची ही गाडी किती वाजता सुटते?"

"नऊला, साहेब."

"उद्या जागा बघायला येतो."

*

ते आले. पावणेनऊला, जीप गल्लीबाहेर ठेवून पायी. हातात नकाशाची गुंडाळी. विमलाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळं काही केलं नाही. रोजच्यासारखी पोरं गोळा केली. त्या दिवशी शेवटच्या गाठीची पोरगी तापानं आली नव्हती.

"साहेब," बाईंनी पुढून सांगितलं, "शेवटची गाठ मोकळी आहे. धरता का?"

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळ्या ओट्यांवर माणसं. मग नकाशा काखेत मारला, वाकले आणि गाठ धरली.

वळणावर बाई दिसेनाशा झाल्या. साहेब थांबले, मान लांब करून बघायला लागले. पुढून दोरीला ओढ बसली आणि सातव्या गाठीचा शकुबाईंचा नातू मागे वळून खेकसला, "ए, चाल ना! गाडी तुटंल!"

साहेब चालू लागले.

निकाल यायला चार महिने लागले. शेठच्या माणसांनी मधल्या काळात पुष्कळ फेऱ्या मारल्या म्हणे. जुलैत टपाल आलं तेव्हा विमलाबाई माठ घासत होत्या. त्यांनी ओले हात पुसले, पाकीट फोडलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाच."

"बाई, तुम्हाला येतं की वाचता."

"येतं. पण मोठ्यानं वाच. गल्लीला ऐकू जाऊ दे."

मी ओट्यावर उभी राहून वाचलं. 'प्राप्त हरकती, सुनावणी व प्रत्यक्ष पाहणी विचारात घेता प्रस्तावित बदल नामंजूर करण्यात येत असून सदर क्षेत्र निवासी विभागातच कायम ठेवण्यात येत आहे.' शेवटच्या शब्दाला आईनं घरातून कुकरची शिट्टी काढली. भात नव्हता आत. नुसती शिट्टी.

शकुबाई धावत आल्या आणि विमलाबाईंच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "इमल, आता माझा अंगठा कुठं बी घेऊन जा!"

"नाही मावशी. आता तुमची सही. उद्यापासून दुपारी येत जा, शिकवते."

आणि शिकवली. पंच्याऐंशीच्या मतदानाला शकुबाईंनी अंगठा लावायला साफ नकार देऊन सही ठोकली. तीन मिनिटं लागली. मागच्या रांगेनं कुरकुर केली, तर म्हणाल्या, "हरकत हाय का कुनाची?"

मी परवा कॉलनीत गेले होते. सकाळचे नऊ वाजून गेले होते. कुणाच्या तरी वरच्या मजल्याचं काम निघालंय, म्हणून विटांचा एक टेम्पो गल्लीच्या तोंडाशी घरघरत उभा होता. आतून दोरी येत होती. आता ती बत्तीस गाठींची आहे. वळणापलीकडे तिचं शेपूट दिसत नव्हतं.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ओ बाई, दोन मिनिटात जातो की! विटा टाकल्या की निघालो."

विमलाबाई थांबल्या नाहीत. हातही केला नाही. चालता चालताच म्हणाल्या, "दोरी जाऊ दे आधी, बाळा. लांब उभा राहा."

ड्रायव्हरनं दोरीकडे पाहिलं. एक, दोन, पाच, दहा पोरं. वळणातून निघतच होती, संपत नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बिडी काढली. पोरं दिसताच ती परत खिशात घातली.

"काही हरकत नाही, बाई," तो म्हणाला.